उघडी राहिलेली ओळ

मुलांनो, परवा संध्याकाळी आमच्या घरात एका भागाकारावरून मोठं भांडण झालं. एका बाजूला आमचा छोटू, इयत्ता सहावी. दुसऱ्या बाजूला त्याची ताई, इयत्ता आठवी. मी गॅलरीत बसून शेंगा सोलत होतो. दोघं एक चुरगळलेली वही घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

सुट्टी लागल्यापासून सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत टेनिस बॉलचे सामने चालू आहेत. छोटूनं सहा डावांत केलेल्या धावा वहीत लिहून ठेवल्या होत्या: १४, ९ नाबाद, ०, ३१ नाबाद, २२ आणि ८. बेरीज ८४. छोटूनं ८४ ला ४ नं भागलं आणि सगळ्यांना सांगत सुटला, की माझी सरासरी २१ आहे. ताईनं तोच आकडा ६ नं भागला. तिचं उत्तर १४ आलं.

"आजोबा, तुम्हीच सांगा," ताई म्हणाली. "सहा डाव खेळला, मग चारनं भागायचं कसं? सरासरी म्हणजे सगळ्या संख्यांची बेरीज भागिले किती संख्या आहेत ते. पुस्तकात दिलंय. हा लबाडी करतोय."

"टीव्हीवर असंच करतात!" छोटू ओरडला. "नाबाद धरायचं नसतं!"

"टीव्हीवर करतात म्हणून ते बरोबर झालं का?"

हा प्रश्न मला फार आवडला. शेंगांची परात बाजूला ठेवली आणि कपाटातून माझी जुनी स्कोअरबुकं काढली. तरुणपणी मी एका क्लबाच्या सामन्यांची वही लिहायचो. खेळण्यात माझी गती बेताची होती, पण पेन्सिलीला टोक काढून झाडाखालच्या टेबलावर बसायला मला मनापासून आवडायचं.

एक पान उघडून दोघांपुढे धरलं. प्रत्येक फलंदाजाच्या नावासमोर त्याच्या धावांची ओळ असते. एक, चार, दोन, एक, असं लिहीत पुढे जायचं. फलंदाज बाद झाला, की त्या ओळीच्या शेवटी दोन तिरप्या रेघा मारायच्या. ओळ बंद. पण डाव संपला आणि फलंदाज अजून खेळपट्टीवरच असला, तर रेघा मारायच्या नाहीत. ओळ उघडीच ठेवायची.

"इथे काय दिसतंय?" मी विचारलं.

छोटूनं बोट ठेवलं. "या काकांची ओळ उघडीय. ते नाबाद होते."

"मग त्यांचा डाव कोणी संपवला?"

"म्हणजे?"

"समोरचे सगळे बाद झाले असतील, नाहीतर षटकं संपली असतील. कर्णधारानं डाव घोषित केला असेल, किंवा सामनाच जिंकला असेल. पण गोलंदाजांनी काही त्यांना बाद केलेलं नाही. संघाचा डाव संपला, त्यांचा संपला नव्हता. आता ही उघडी ओळ हिशेबात धरायची कशी, एवढाच तुमच्या भांडणाचा मुद्दा आहे."

मग मी त्यांना १९७१ सालची गोष्ट सांगितली. तेव्हा मी छोटूपेक्षा थोडा मोठा असेन. वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर अजित वाडेकर कर्णधार होते आणि त्यांच्या संघात मुंबईचा एकवीस वर्षांचा, बुटकासा सलामीचा फलंदाज होता, सुनील गावसकर. बोटाच्या दुखण्यामुळे तो पहिल्या कसोटीत खेळूच शकला नाही. उरलेल्या चार कसोट्यांत त्यानं आठ डाव खेळले. त्या धावा मी तेव्हा वर्तमानपत्रातून उतरवून पाठ केल्या होत्या, आजही घडाघडा म्हणून दाखवतो: ६५ आणि ६७ नाबाद, ११६ आणि ६४ नाबाद, १ आणि ११७ नाबाद, १२४ आणि २२०.

"बापरे," छोटू म्हणाला. "आणि मधेच एक?"

"मधेच एक. आता ताई, पोर्ट ऑफ स्पेनला तो जो पहिला सामना खेळला, त्यानंतर त्याची सरासरी किती झाली असेल?"

ताईनं बेरीज केली. "पासष्ट आणि सदुसष्ट, एकशे बत्तीस. एकदाच बाद झाला. तुमच्या रीतीनं भागिले एक, म्हणजे १३२." ती थांबली आणि तिचे डोळे मोठे झाले. "आजोबा, हे कसं शक्य आहे? त्यानं जास्तीत जास्त केल्यात ६७, आणि सरासरी १३२? सरासरी सगळ्यांत मोठ्या संख्येपेक्षा मोठी असूच शकत नाही!"

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. शाळेतल्या सरासरीचा तो पक्का नियमच आहे. चार मुलांच्या उंचीची सरासरी त्यांतल्या सर्वांत उंच मुलापेक्षा जास्त येईल कशी? मग क्रिकेटनं गणिताचा नियम मोडला का?

नाही मोडला. मी छोटूला आजीच्या शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी आणायला लावली. लांब कागदी पट्ट्या कापल्या आणि दर दहा धावांना एक सेंटिमीटर या मापानं गावसकरचा एकेक डाव एकेका पट्टीवर आखला. जिथे बाद झाला तिथे दोन तिरप्या रेघा. जिथे नाबाद राहिला ते टोक मोकळं. आता मोकळ्या टोकाला पुढच्या डावाची पट्टी डिंकानं चिकटवायची. छोटूच्या हातांना सगळीकडे डिंक लागला. आजीनं "अगं बाई, माझी मोजपट्टी!" म्हणून हाक मारली, पण पट्ट्या तयार झाल्या.

पहिली पट्टी ६५ ची, तिथे रेघा. दुसरी ६७ नाबादची, तिला पुढची ११६ ची चिकटली आणि १८३ वर रेघा. मग ६४ नाबाद, त्याला तो एक चिकटला, ६५ वर रेघा. मग ११७ नाबादला १२४, म्हणजे २४१. आणि शेवटची अखंड २२०.

"आता पट्ट्या किती?"

"पाच," ताई म्हणाली. तिनं कागदावर लिहिलं: ६५, १८३, ६५, २४१, २२०. बेरीज ७७४. भागिले पाच, १५४.८०. मग ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "पण ही तर पुस्तकातलीच सरासरी आहे. पाच संख्यांची बेरीज, भागिले पाच. फक्त आपण डाव मोजत नाही. एकदा बाद झाल्यापासून पुढच्या वेळी बाद होईपर्यंतचे तुकडे मोजतोय."

मी तिची पाठ थोपटली. या विषयाचं मर्म तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. फलंदाजीची सरासरी म्हणजे दर डावाला किती धावा, असा आपला समज असतो. तसं असतं तर गावसकरच्या ७७४ ला आठनं भागून ९६.७५ हा आकडा पुढे आला असता. तोही खरा आकडा आहे, त्याला 'दर डावी धावा' म्हणावं. पण सरासरी वेगळं काही विचारते: या माणसाला एकदा बाद करायला समोरच्यांना किती धावा मोजाव्या लागतात? ती त्याच्या विकेटची किंमत आहे. म्हणून तर गोलंदाजाची सरासरीही तशीच काढतात, दिलेल्या धावा भागिले घेतलेल्या विकेटी. एकाच सौद्याकडे एक जण विकणाऱ्याच्या बाजूनं पाहतो आणि दुसरा घेणाऱ्याच्या.

छोटूनं लगेच स्वतःच्या पट्ट्या केल्या: १४, मग ९ आणि ०, मग ३१ आणि २२, मग ८. चार तुकडे, सरासरी २१. तो नाचायला लागला.

विजय मर्चंट यांचं उदाहरण घेतलं असतं, तर दोघांचं भांडणच झालं नसतं. कसोटीत ते अठरा डाव खेळले आणि एकदाही नाबाद राहिले नाहीत. धावा ८५९. अठरानं भागा, ४७.७२. ताईची रीत आणि छोटूची रीत, दोन्हींचं उत्तर तेच.

पण ताई सहजासहजी सोडणारी नाही. "तुम्ही पट्टी चिकटवलीत खरी," ती म्हणाली, "पण तो माणूस नाबाद राहिला शनिवारी, आणि पुढचा डाव खेळला पुढच्या आठवड्यात. नवा दिवस, नवा बॉल. ते दोन वेगळे डाव जोडून एकच मानायला परवानगी कोणी दिली?"

मुलांनो, अशी शंका आली की समजावं, आता खरी गंमत सुरू झाली. मी छोटूची कंपासपेटी मागवली.

"या वर्षी पेन्सिली किती वापरल्यास? आणि किती दिवस पुरली एकेक?"

आम्ही अंदाजानं आकडे धरले. तीन पेन्सिली वापरून पार संपल्या: एक २२ दिवसांत, एक २५, एक १९. दोन अजून पेटीत आहेत, एक १४ दिवस वापरून झालेली आणि एक १० दिवस. सगळे मिळून ९० दिवस.

"ताईच्या रीतीनं पाचनं भाग."

"अठरा," छोटू म्हणाला आणि स्वतःच हसला. "पण संपलेली प्रत्येक पेन्सिल अठरापेक्षा जास्तच टिकली!"

"बघ. अर्धवट वापरलेल्यांना संपलेल्या समजलो, तर हिशेब खाली ओढला जातो. म्हणजे पाचनं भागणं चूक. आता तुझ्या रीतीनं, फक्त संपलेल्या तीननं भाग."

"तीस." आता ताईनं त्याला पकडलं. "तीस दिवस कुठलीच पेन्सिल टिकली नाही! तुझीपण रीत चूक!"

दोघं माझ्याकडे पाहायला लागले. पेन्सिलीच्या बाबतीत दोन्ही रीती चुकल्या होत्या, आणि त्याला कारण आहे. पेन्सिल झिजते. चौदा दिवस वापरलेली पेन्सिल नव्या पेन्सिलीसारखी नसते, तिचे दिवस भरत आलेले असतात. चौदा दिवसांच्या तुकड्याला नव्या पेन्सिलीचा तुकडा चिकटवणं म्हणजे म्हाताऱ्याला मधेच पुन्हा बाळ करणं. झिजणाऱ्या वस्तूंच्या पट्ट्या जोडता येत नाहीत.

मग न झिजणारी गोष्ट जगात आहे तरी का?

आहे. १८९८ साली पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियम शोधून काढलं. रेडियमचा अणू एके दिवशी आपोआप फुटतो आणि दुसऱ्याच मूलद्रव्याचा होतो. कधी फुटेल ते सांगता येत नाही. पण नवल पुढेच आहे. हजार वर्षं न फुटता राहिलेला अणू आणि काल जन्मलेला अणू शेजारी शेजारी ठेवले, तर उद्या फुटण्याची शक्यता दोघांची अगदी सारखी असते. अणू म्हातारा होत नाही. आपण किती काळ जगलो याची खूणही त्याच्या अंगावर उमटत नाही. कितीही काळ गेला तरी तो कोराच.

रेडियमचा मोठा साठा घेतला, तर सुमारे १६०० वर्षांत त्यातले निम्मे अणू फुटतात. पुढच्या १६०० वर्षांत उरलेल्यांतले निम्मे, मग त्यातले निम्मे. याला रेडियमचं अर्धायुष्य म्हणतात. अशा कधीही न झिजणाऱ्या गोष्टीच्या बाबतीत उघडी ओळ पुढच्या ओळीला जोडणं अगदी न्याय्य ठरतं. एक अणू पाहायचा थांबवून दुसरा पाहायला लागलो, तरी पहिलाच पाहत राहिल्यासारखं आहे. म्हणून तिथे एकूण काळ भागिले फुटलेल्या अणूंची संख्या, हा हिशेब चोख येतो. छोटूच्या भागाकाराचं मूळ तिथे आहे.

"मग बॅट्समन पेन्सिल आहे की रेडियम?" छोटूनं विचारलं.

प्रश्न त्यानं गमतीत विचारला, पण मोठ्या माणसांनीही त्यावर डोकं चालवलंय. १९४५ साली जी. एच. वुड नावाच्या अभ्यासकानं लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलंदाजांच्या धावसंख्यांवर निबंध लिहिला. फलंदाज प्रत्येक धावेला सारख्याच धोक्यात असेल, तर त्याच्या धावसंख्या भूमिती श्रेढीनं कमी होत जायला हव्यात, तशा त्या होतात का, हे त्यांनी तपासलं. म्हणजे त्यांचा प्रश्न आपल्या छोटूचाच होता.

आपणही तपासू. सचिन तेंडुलकर कसोटीत ३२९ डाव खेळला, त्यांत ३३ वेळा नाबाद. धावा १५,९२१, सरासरी ५३.७८. समजा तो रेडियम आहे. न झिजणाऱ्या गोष्टीचं अर्धायुष्य सरासरीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास येतं, थोडं कमीच. म्हणजे सचिनचं अर्धायुष्य झालं सुमारे ३७ धावा. ३२९ डावांपैकी निम्मे, साधारण १६४, सदतीसच्या पुढे जातील. त्यांतले निम्मे, ८२, चौऱ्याहत्तरच्या पुढे. त्यांतले निम्मे, ४१, एकशे अकराच्या पुढे. शंभर हा आकडा ७४ आणि १११ च्या मधे येतो, एकशे अकराकडे झुकलेला. नेमका हिशेब केला तर शंभरी गाठणारे डाव येतात ५१.

छोटूला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याच्या भिंतीवर तो आकडा लिहिलेलाच आहे. सचिनची कसोटी शतकं ५१.

मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोगही आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. पन्नाशी गाठलेले डाव त्याच रीतीनं १३० यायला हवेत, प्रत्यक्षात ते ११९ आहेत. आणि ते ३३ नाबाद डावही या हिशेबात नीट बसवलेले नाहीत. पण पॅरिसच्या एका शेडमध्ये सापडलेल्या मूलद्रव्याची चाल वानखेडेवरच्या माणसाच्या धावांत एवढी तरी उमटावी, याचं मला अजून नवल वाटतं.

यातून आणखी एक गोष्ट कळते. पन्नासची सरासरी असलेला फलंदाज निम्म्या वेळा पस्तिशीच्या आतच परततो. आपण टीव्हीसमोर हळहळतो, की पन्नासची सरासरी आणि आज अठरावर गेला. त्याचं काही बिघडलेलं नसतं. मोठ्या सरासरीच्या पोटात लहान डावच जास्त असतात आणि थोडे प्रचंड डाव त्यांचं ओझं वाहतात.

पण एका जागी हे रेडियम लटकं पडतं. ती जागा म्हणजे भोपळा. सचिन रेडियमसारखा असता तर ३२९ डावांत त्याला सहाएक भोपळे मिळाले असते. मिळाले चौदा. सुरुवातीला फलंदाज कच्चा असतो. डोळा बसलेला नसतो, उजेडाची सवय नसते, चेंडू किती उसळतो त्याचा अंदाज नसतो. वीसेक धावा झाल्या की पाय हलायला लागतात आणि मग त्याला काढणं अवघड होतं. म्हणजे तो पेन्सिलीच्या अगदी उलट. पेन्सिल वापरून संपते, फलंदाज खेळून पक्का होतो.

"मग नाबाद राहणाऱ्याचं नुकसानच होतं!" ताई एकदम म्हणाली. "ऐंशीवर नाबाद राहिला, चांगला पक्का झाला, आणि आपण त्याला पुढच्या डावात पुन्हा शून्यापासून, कच्चा असताना खेळायला लावतो."

बघा, तासाभरापूर्वी हीच मुलगी नाबाद डावाला लबाडी म्हणत होती.

ज्याला अजून कोणी बादच केलं नाही, त्याची सरासरी किती, हे छोटूनं मधेच विचारून घेतलं. शून्यानं भागता येत नाही, म्हणून तिथे नुसती आडवी रेघ असते. आणि दुखापतीमुळे परतलेला फलंदाज नाबाद धरतात, आपणहून डाव सोडून गेलेला बाद. ज्याची पाळीच आली नाही, त्याचा तो डाव मोजतच नाहीत.

रेघेपासून एकच पाऊल पुढे गेलं तरी पाय घसरू शकतो. १९५३ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्यात बिल जॉन्स्टन नावाचा डावखुरा गोलंदाज शेवटी फलंदाजीला यायचा. त्या दौऱ्यातल्या प्रथम श्रेणी सामन्यांत तो १७ डाव खेळला आणि १६ वेळा नाबाद राहिला. सगळ्या मिळून धावा १०२, एकदा बाद. सरासरी १०२! भागाकार चुकलेला नाही. पण एकाच बाद होण्यावरून माणसाची पारख करणं म्हणजे एका शितावरून सगळ्या पंगतीचा भात जोखणं. सरासरीला वजन येतं ते खालच्या आकड्यानं, किती वेळा बाद झाला त्यानं. आणि वीस षटकांच्या सामन्यात तर धावा किती चेंडूंत केल्या हेही पाहावंच लागतं.

अंधार पडायला लागला होता. आजीनं दिवा लावला आणि शेंगांची परात स्वतःच पुढे ओढून घेतली. मी म्हटलं, आता शेवटची गोष्ट. १९४८ सालची.

त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत पोर्ट ऑफ स्पेनला अँडी गँटोम नावाचा वेस्ट इंडीजचा फलंदाज इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला. एकच डाव मिळाला, त्यात ११२ केल्या आणि बाद झाला. पुन्हा त्याला कसोटीत कधीच घेतलं नाही. त्याची सरासरी कायमची ११२ राहिली, डॉन ब्रॅडमनपेक्षाही वर.

दुसरी गोष्ट त्या ब्रॅडमनचीच. १४ ऑगस्ट, लंडनचं ओव्हल मैदान. इंग्लंडचा सगळा संघ ५२ धावांत गारद झालेला. ब्रॅडमन शेवटची कसोटी खेळत होता. त्याआधी ७९ डाव, त्यांत १० नाबाद, म्हणजे ६९ वेळा बाद आणि धावा ६,९९६. तो मैदानात आला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. इंग्लंडचा कर्णधार नॉर्मन यार्डली यानं आपल्या खेळाडूंना जवळ बोलावून त्याचा तीन वेळा जयजयकार केला. मग एरिक हॉलीजनं चेंडू टाकला. पहिला ब्रॅडमननं तटवला. दुसरा गुगली होता. त्रिफळा उडाला. शून्य.

"६,९९६ भागिले ७०," मी म्हटलं, आणि ताईनं कागदावर काढलं: ९९.९४. शंभराला फक्त चार धावा कमी पडल्या. ऑस्ट्रेलियानं तो सामना डावानं जिंकला, त्यामुळे ब्रॅडमनला दुसऱ्यांदा फलंदाजी मिळालीच नाही. हा आकडा ऑस्ट्रेलियात इतका लाडका झाला, की तिथल्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या टपालपेटीचा क्रमांकसुद्धा ९९९४ आहे.

"पण आजोबा," छोटू पट्टीचा तुकडा हातात धरून विचार करत होता, "समजा त्याच वेळी डाव घोषित केला असता, तर? तो शून्यावर नाबाद असता?"

मी स्कोअरबुकात इतकी वर्षं घालवली, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. ताईनं भागून पाहिलं. ६,९९६ भागिले ६९, म्हणजे १०१.३९. शून्य धावाच, पण ओळ उघडी राहिली असती तर सरासरी शंभराच्या वर. ओळ बंद झाली म्हणून शंभराच्या खाली. दोन तिरप्या रेघा किती जड असतात, ते तिथे दिसतं.

आणि तिसरी गोष्ट इथली, पुण्याची. त्याच वर्षीचा डिसेंबर, पूना क्लबचं मैदान. रणजी सामन्यात महाराष्ट्रासमोर काठियावाडचा संघ. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उभे राहिले आणि थांबेचनात. दुसऱ्या विकेटसाठी भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागी झाली. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या तेव्हा निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. प्रथम श्रेणी सामन्यातला तेव्हाचा विक्रम होता ब्रॅडमनचाच, १९३० सालचा, ४५२ नाबाद. अजून नऊ केल्या की बरोबरी, दहा केल्या की विक्रम. पण खेळाच्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. संघ परत मैदानात उतरलाच नाही.

छोटूचा चेहरा रडवेला झाला. "मग त्यांची ओळ?"

"उघडीच. वर ४४३ जमा झाल्या, खाली बाद होण्याच्या खात्यात काहीच नाही. अजूनही कुणा भारतीयानं प्रथम श्रेणी सामन्यात एका डावात तेवढ्या धावा केलेल्या नाहीत. आणि निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. कसोटीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही."

या अन्यायाबद्दल मला आजही वाईट वाटतं, आणि ते मी मुलांपासून लपवलं नाही. आम्ही तिघं थोडा वेळ गप्प बसलो. मग ताईनं एक पट्टी घेतली, दर दहा धावांना एक सेंटिमीटर या मापानं चव्वेचाळीस सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर मोजून कापली आणि तिचं टोक तसंच मोकळं ठेवून भिंतीवर चिकटवली.

काल संध्याकाळी सामना अर्धवटच राहिला. बॉल मागच्या बंगल्यात गेला आणि गेटला कुलूप होतं. छोटू घामाघूम होऊन घरी आला, हात धुवायच्या आधी वही उघडली आणि सातव्या डावापुढे १७ लिहिले. पेन्सिल क्षणभर तिथेच धरून ठेवली. मग रेघा न मारता वही मिटली आणि ताईला हाक मारून म्हणाला, "ताई, उद्या इथूनच पुढे जोडायचं हं."